घरपट्टीची नोटीस आणि वडीलधाऱ्यांचा रक्तदाब

जानेवारी उलटला की माझ्या ज्येष्ठ रुग्णांच्या रक्तदाबाच्या नोंदींत एक वाढ दिसू लागते आणि तिचे कारण औषधांच्या चिठ्ठीत सापडत नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्याआधी नगरपालिका व ग्रामपंचायती थकीत घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या वसुलीला लागतात. मागणीच्या नोटिसा निघतात, दारासमोर रिक्षातून ध्वनिक्षेपक फिरतो आणि राष्ट्रीय लोक अदालतीसाठी थकबाकीदारांना न्यायालयाच्या आवारात बोलावणारे कागद घरोघर पोहोचतात. परतूरसारख्या तालुक्याच्या गावी अनेक घरांत आता दोनच म्हातारी माणसे राहतात. मुले पुण्याला, संभाजीनगरला नोकरीस असतात. तो कागद सत्तरी ओलांडलेल्या हातात पडतो आणि पुष्कळदा उशीखाली जातो.

वाचकहो, मी वकील नाही; तालुक्याच्या गावातला साधा एमबीबीएस डॉक्टर आहे. परंतु अशा कागदाने आजारी पडलेली माणसे वकिलाकडे जाण्याआधी माझ्याकडे येतात. रक्तदाब मोजून गोळी वाढवून देणे सोपे असते. पण भीतीचे मूळ पिशवीत घडी होऊन तसेच राहिले, तर वाढवलेल्या गोळीचा उपयोग अर्धाच होतो. म्हणून झोप उडालेल्या वृद्ध रुग्णाला मी हल्ली एक प्रश्न अवश्य विचारतो: “घरी कसला कागद आलाय का?”

दोन वर्षांपूर्वी या प्रश्नाला एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या मावशींनी दिलेले उत्तर मी आपल्याला सांगतो. त्यांचे गाव आणि तिथली पालिका कोणती, हे सांगण्याचे कारण नाही. रुग्णाची ओळख जपणे माझे कर्तव्य आहे आणि असे प्रसंग कोणत्याही गावी घडू शकतात. तीन महिन्यांपूर्वी त्यांचा रक्तदाब १३६/८२ होता. त्या दिवशी तो १९०/१०४ भरला. डोके जड, छातीत धडधड, आठ-दहा रात्री धड झोप नाही. ईसीजी काढला, त्यात नवा दोष नव्हता. गोळ्या वेळेवर घेता ना, असे विचारल्यावर त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “एक दिवसाआड घेते.”

का, असे विचारताच त्यांनी पदराआडच्या पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला. “डॉक्टरसाहेब, या वयात मला कोर्टात उभं करतेत. अठरा हजार कुठून आणू? गोळ्यांचे पैसे बाजूला ठेवू लागले.”

“मुलाला सांगितलं का, मावशी?”

“त्याच्या घराचा हप्ता हाय, लेकरांच्या फिया हायेत. त्याला काय सांगावं?”

कागदावर १८,६४० रुपये थकबाकी दाखवलेली होती. तो घरी येऊन अकरा दिवस झाले होते. या अकरा दिवसांत त्यांनी तो कोणालाही वाचायला दिला नव्हता. गोल शिक्का दिसला, ‘न्यायालय’ हा शब्द दिसला आणि तेवढ्यावर त्यांनी आपल्याच मनाशी निकाल लावून टाकला होता.

अशा भीतीत शरीरात काय घडते, ते आधी पाहू. धोका जाणवला की अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात. नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, यकृत रक्तात साखर सोडते. तरुण माणसाचे शरीर काही वेळात पूर्वपदावर येते. वृद्धाच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात आणि ‘कोर्टाचा कागद’ हा धोका दिवसभर मनातून जात नाही. त्यामुळे रक्तदाब आणि साखर दोन्ही चढी राहतात. त्यात झोप तुटते, जेवण चुकते, चहा वाढतो आणि औषध विसरले जाते किंवा मुद्दाम वगळले जाते. जपानमधील डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास ‘ताकोत्सुबो’ नावाचा एक हृदयविकार वर्णिला. तीव्र मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगतो आणि त्याचा आकार ऑक्टोपस पकडण्याच्या जपानी मडक्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात आणि पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. म्हणून भीतीने छातीत दुखते आहे असे वाटले तरी ‘टेन्शन आहे’ म्हणून ते घरी सोसू नये. छातीत दाब, घाम, दम लागणे, तोंड वाकडे होणे, हाताची शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाले, तर नोटीस बाजूला ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

मावशींच्या बाबतीत पहिला उपचार म्हणजे बंद केलेली गोळी पुन्हा रोज सुरू करणे. दुसरा, तो कागद मोठ्याने वाचणे. तो समन्स नव्हता. तालुका विधी सेवा समितीमार्फत आलेली लोक अदालतीची दाखलपूर्व नोटीस होती. म्हणजे अजून दावा दाखल झालेलाच नाही. दोन्ही पक्षांनी समोरासमोर बसून तडजोड होते का ते पाहावे, यासाठीचे ते बोलावणे. त्यात गुन्ह्याचा आरोप नव्हता, अटकेचा तर प्रश्नच नव्हता.

आपल्या घरी कागद आला तर तो तीनपैकी कोणता आहे, हे सर्वप्रथम पाहावे. पहिला, नगरपालिकेचे मागणी बिल आणि त्यानंतरची मागणीची नोटीस. राज्यातील नगरपालिकांचा कारभार १९६५ च्या अधिनियमानुसार चालतो. त्यात आधी बिल, मुदतीत भरणा झाला नाही तर मागणीची नोटीस, आणि त्यानंतर जप्तीचे वॉरंट असा क्रम आहे. ‘वॉरंट’ शब्द वाचून कित्येक वृद्धांना पोलीस दिसू लागतात. इथे तो शब्द मालमत्तेच्या जप्तीविषयी असतो. दुसरा कागद म्हणजे वर सांगितलेली लोक अदालतीची नोटीस. तिसरा, दिवाणी न्यायालयाचे समन्स. ते बेलीफ आणून देतो, त्यावर प्रकरणाचा क्रमांक आणि तारीख असते, सोबत दाव्याची प्रत असते. हा कागद मात्र एक दिवसही पडू देऊ नये. समन्स मिळाल्यापासून लेखी म्हणणे देण्यास साधारणतः ३० दिवस मिळतात आणि तारखेला कोणीच गेले नाही तर प्रकरण एकतर्फी चालू शकते. तब्येत बरी नसेल तर वकिलामार्फत वैद्यकीय प्रमाणपत्रासह मुदत मागता येते. असे खरे प्रमाणपत्र कोणताही डॉक्टर देईल. मात्र ते तारखेच्या आधी मागावे.

माझ्या प्रतीक्षाकक्षात त्या दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. मावशींची परवानगी घेऊन मी त्यांना बिल दाखवले. रक्ताचा अहवाल आपण जसा ओळीओळीने वाचतो, तसे त्यांनी ते वाचले. घरपट्टी, शिक्षण कर, वृक्ष कर, आणि खाली एक ओळ: रोजगार हमी कर. तिथे ते थांबले. “बाई, घरात दुकान आहे का तुमच्या?” दुकान नव्हते. परंतु मावशींच्या यजमानांनी पुढच्या खोलीत पिठाची गिरणी घातली होती आणि ती बंद होऊन अकरा वर्षे झाली होती. रोजगार हमी कर हा अनिवासी वापराच्या मालमत्तेवर लागतो. निव्वळ राहत्या घराच्या बिलात ती ओळ दिसली, तर पालिकेच्या दप्तरी आपले घर अंशतः वा पूर्णतः अनिवासी नोंदले गेले आहे असे समजावे. गिरणी बंद झाली, यजमान गेले. पण दप्तरात गिरणी चालूच होती आणि मालक म्हणून यजमानही हयात होते.

दुसरी गोष्ट घरच्या पत्र्याच्या डब्यात निघाली. मावशींच्या पुतण्याने तो डबा आणला. त्यात विजेच्या पावत्या, लग्नपत्रिका आणि खतांच्या चिठ्ठ्यांखाली घरपट्टीच्या पावत्या होत्या. ज्या वर्षांची थकबाकी दाखवली होती, त्यांपैकी दोन वर्षांचा कर भरलेला होता. भरणा कोणत्या खात्यावर जमा झाला, कोणास ठाऊक; फेरआकारणीत मालमत्ता क्रमांक बदलला की अशी गफलत होऊ शकते. दर चार वर्षांनी होणाऱ्या या फेरआकारणीच्या वेळी हरकतीसाठी मुदत दिलेली असते, पण ती नोटीसही अनेकदा उशीखालीच जाते.

आपले बिल आल्यावर म्हणून इतके तपासावे. नाव कोणाचे आहे आणि ती व्यक्ती हयात आहे का? मालमत्ता क्रमांक जुन्या पावतीवरचाच आहे का? क्षेत्रफळ आणि मजले खरे आहेत का? वापर निवासी लिहिला आहे की अनिवासी? वाटणीनंतर एकाच घराची दोनदा आकारणी झाली आहे का? बंद केलेल्या नळजोडणीची पाणीपट्टी अजून चालू आहे का? भरलेली वर्षे थकबाकीत आली आहेत का? शंका असेल तर आकारणी नोंदवहीचा उतारा मागावा. तक्रार तोंडी करू नये. साध्या कागदावर अर्ज लिहावा, पावत्यांच्या झेरॉक्स जोडाव्यात, मूळ पावत्या कोणालाही देऊ नयेत आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्क्यासह पोहोच घ्यावी. जो भाग निर्विवाद देय आहे, तो वाद मिटण्याची वाट न पाहता भरून टाकावा, कारण नगरपालिकेच्या थकबाकीवर शास्ती महिन्याला २ टक्के दराने वाढते, म्हणजे वर्षाला जवळजवळ चौथा हिस्सा. अपील करायचे असेल तर त्याची मुदत मोजक्याच दिवसांची असते. ती बिलावर पाहावी आणि वकिलाला विचारावी.

वकिलाची फी कोण देणार, हा प्रश्न मावशींनीही विचारला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळते. तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. ज्या आवाराची धास्ती घेऊन त्यांनी अकरा रात्री जागून काढल्या, त्याच आवारात त्यांना फुकट वकील मिळणार होता.

लोक अदालतीच्या दिवशी पुतण्या त्यांच्याबरोबर गेला. निघण्यापूर्वी मी त्यांना जे सांगितले, ते आपल्यालाही सांगतो. रिकाम्या पोटी जाऊ नये. विशेषतः इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने नाश्ता केल्याशिवाय औषध घेऊन रांगेत उभे राहू नये. खिशात खडीसाखर वा गूळ असावा. रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळीच घ्यावी. लघवी वारंवार होते म्हणून पाण्याची गोळी परस्पर टाळू नये. तिची वेळ बदलायची असेल तर आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारावे. मार्चचे आपल्याकडचे ऊन म्हाताऱ्या शरीराला पुरेसे कडक असते. पाण्याची बाटली, डोक्यावर पदर वा टोपी, आणि उभे राहवत नसेल तर निःसंकोच खुर्ची मागावी. चश्मा आणि कानाचे यंत्र विसरू नये.

चश्म्याचे महत्त्व आणखी एका कारणासाठी. लोक अदालतीत तडजोड झाली तर तिच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील चालत नाही. म्हणून कागद पूर्ण वाचून घेतल्याशिवाय, आकडे कळल्याशिवाय सही वा अंगठा करू नये. तडजोड करण्याची सक्ती कोणीही करू शकत नाही. पटले नाही तर ‘मला मान्य नाही’ म्हणून परत यावे. त्यानंतर दुसऱ्या पक्षाला न्यायालयाची वाट मोकळी असते आणि तिथे आपल्यालाही आपली बाजू मांडता येते.

मावशींनी त्या दिवशी सही केली नाही. त्यांनी अर्ज आणि पावत्या दिल्या. पुढे स्थळपाहणी झाली, भरलेल्या दोन वर्षांची रक्कम वजा झाली, वापराची नोंद निवासी झाली. पण ती त्या वर्षापासून पुढे. गिरणी बंद झाल्याचे मागील वर्षांत कोणी कळवलेले नव्हते, त्यामुळे त्या वर्षांचा कर त्यांना द्यावाच लागला. तो मुलाने भरला. त्याला हे सारे कळले तेव्हा तो घाबरला तो रकमेने नव्हे, आईने गोळ्या सोडल्या होत्या या गोष्टीने. सहा आठवड्यांनी मावशींचा रक्तदाब १४२/८४ होता. डॉक्टर म्हणून मी हे स्पष्ट केले पाहिजे, की तो मुख्यतः नियमित गोळ्यांनी उतरला. मात्र गोळ्या नियमित झाल्या त्या कागद वाचला गेल्यामुळे.

भीतीचा फायदा घेणारेही टपलेले असतात. ‘तुमच्या नावे कोर्टाचे वॉरंट आहे, या लिंकवर आत्ताच पैसे भरा’ असा फोन वा संदेश आला तर तो बंद करावा. ‘डिजिटल अटक’ असा कोणताही प्रकार कायद्यात नाही. पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. कर भरायचा तो पालिकेच्या कार्यालयात किंवा अधिकृत संकेतस्थळावर, आणि पावती घेऊनच.

आता काळजीवाहकांसाठी एक वैद्यकीय गोष्ट. ज्या माणसाने आयुष्यभर कर एप्रिलमध्येच भरून सवलत घेतली, त्याची दोन-तीन वर्षांची बिले न उघडलेली सापडली, तर त्याला बेफिकिरी म्हणून रागावू नका. पैशांचे व्यवहार हे मेंदूचे किचकट काम आहे आणि स्मृतिभ्रंशात ते लवकर ढासळते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात असे आढळले, की स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याच्या सहा वर्षे आधीपासूनच काही रुग्णांचे देणी भरणे चुकू लागले होते. अर्थात प्रत्येक विसर म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. थायरॉईडची कमतरता, जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता (शाकाहारी आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती विशेष आढळते), ऐकू कमी येणे, मोतीबिंदू आणि जोडीदाराच्या निधनानंतरचे नैराश्य यांनीही कागद तसेच पडून राहतात. यांतील बहुतेकांवर उपचार आहेत. म्हणून न भरलेले बिल सापडले की ते भरा आणि त्या व्यक्तीला तपासणीलाही घेऊन या. इंग्लंडमध्ये आपल्या घरपट्टीसारखा ‘कौन्सिल टॅक्स’ असतो. तिथे तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि काही अटींवर त्या कराच्या हिशेबातून वगळतात. तिकडे वृद्ध आई-वडिलांसह राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी याची चौकशी अवश्य करावी.

घरापासून दूर राहणाऱ्या मुला-मुलींना माझी विनंती आहे. आई-वडिलांना फोनवर ‘गोळ्या घेता ना?’ असे आपण विचारताच. त्यासोबत ‘कसला कागद आला का?’ हेही विचारा. ‘मला का नाही सांगितलं?’ असे दरडावलेत, तर पुढचा कागद तुमच्यापासूनही लपवला जाईल. पुढच्या भेटीत एक जाड फाईल घेऊन जा. त्यात घरपट्टीच्या पावत्या वर्षवार लावा, मालमत्ता क्रमांक पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, मृत व्यक्तीच्या नावावर नोंद असेल तर वारसनोंदीचा अर्ज करून टाका. आणि वडीलधाऱ्या वाचकांनो, आपल्याला एवढेच सांगतो: औषधाचे पैसे कोणत्याही करासाठी बाजूला ठेवू नका. कागद आला त्याच दिवशी चश्मा लावून त्यावरची तारीख पाहा, आणि ती वाचता आली नाही तर शेजारच्या शाळकरी मुलाला वाचायला सांगा. पुढच्या तपासणीला याल तेव्हा तो कागद औषधांच्या पिशवीत घालून आणलात तरी चालेल.